श्रावणातला मासा

सगुणाबाईच्या पायाला मासा लावलाय ही बातमी सगुणाबाई पुण्याहून घरी पोचायच्या आधी वाडीत पोचली होती. याचं सगळं श्रेय तिच्या नवऱ्याला, मानसिंगला. मानसिंगच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गुंजवण्यापासून नसरापुरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांना त्यानं स्वतःच सांगितलं असतं. बायकोला मागच्या सीटवर आडवं करून आणणाऱ्या जीपमध्ये तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला आणि फाटा सोडल्यापासून एकेकाला फोन लावत सुटला. व्हय, मासाच. परदेशातला हाय. न्हाई, खायला न्हाई, पायाला.

मुळात हे दुखणंही मानसिंगच्या मोबाईलचंच. आषाढात भाताच्या खाचरात चिखलणी चालली होती. टिलर त्याच्या हातात आणि मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये. पलीकडून किकवीचा मेव्हणा आपल्या शेजाऱ्याच्या म्हशीची हकिगत सांगत होता. त्या म्हशीचं पुढं काय झालं ते कोणालाच कळलं नाही, कारण बांधाच्या कोपऱ्यावर टिलर वळवताना त्याचं पातं सगुणाबाईच्या उजव्या नडगीवरून गेलं. नडगीपासून घोट्यापर्यंत मांस सोलून निघालं. चिखलात पांढरं काय दिसतंय म्हणून तिनं वाकून पाहिलं, तर ते तिचंच हाड होतं.

सगुणाबाई काही हळवी बाई नव्हे. गेली अठरा वर्षं दर शनिवार-रविवारी डोक्यावर ताकाची कळशी आणि कमरेला लिंबांची पिशवी घेऊन ती राजगड चढत होती. चोरदरवाज्याच्या अलीकडे, पुण्याची पोरं जिथं दम लागून बसतात आणि घरी परत जावं की काय असा विचार करतात, नेमकी तिथं तिची जागा होती. अशा पोरांना ताक देताना ती चार शब्दही सुनवायची, आणि पोरं त्या शब्दांसाठी पुन्हा यायची. पण पुण्याच्या दवाखान्यात जखम दोनदा साफ करून झाली आणि डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून बिछान्याशी बसकण मारली, तेव्हा मात्र तिनं खाटेचा गज धरला. डॉक्टर उभ्याउभ्या बोलतात तेव्हा बरं असतं, बसून बोलायला लागले की समजावं.

हाड आणि शिरा उघड्या पडल्यात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मांडीची कातडी काढून लावायची तर ती उघड्या हाडावर धरत नाही. आधी खाली मांस भरून यायला हवं. त्यासाठी थंड समुद्रातल्या माशाची कातडी असते. ती धुऊन धुऊन तिच्यातला मासा काढून टाकलेला असतो, नुसतं जाळं उरतं. ते जखमेवर बसवलं की तुमच्या अंगातलं रक्त आणि मांस त्याच्यावर चढतं.

"म्हंजे घेवड्याला मांडव घालत्यात तसं," सगुणाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला आणि अगदी तसंच असं कबूल केलं. मग त्यांनी देवाधर्माची काही अडचण आहे का तेही विचारलं. आषाढ संपायला अजून तीन दिवस होते, वाडीत लोक श्रावणाच्या धास्तीनं कोंबड्यांचा फडशा पाडत होते, त्यामुळं सगुणाबाईला काहीच अडचण दिसली नाही. तिनं एवढंच विचारलं की हे नाही धरलं तर? हाड सडलं तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, असं उत्तर आलं. सगुणाबाईनं कागदावर अंगठा न देता चांगली ठळक सही केली.

तर असा तो मासा. सरकारी योजनेतून आला, टाके घालून बसला, वर पट्टी चढली, आणि श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी जीपमधून वाडीच्या वेशीत शिरला.

इथं वाडीचा नियम सांगायला हवा. श्रावणभर वेशीच्या आत मासळी-मटण आणायचं नाही. जननीदेवीला चालत नाही. तीच जननी चैत्रातल्या जत्रेत बोकडाशिवाय ऐकत नाही, पण श्रावणात तिला वरणभात लागतो, आणि देवीला विचारणार कोण? त्यात महिन्याच्या मध्यावर देवळात सप्ता बसतो आणि शेवटच्या दिवशी एका घरानं पुरणाचा नैवेद्य करायचा असतो. वाडीत अकरा घरं, म्हणून प्रत्येकाला अकरा वर्षांनी हा मान. यंदा तो मानसिंगच्या घराचा होता.

सप्त्याच्या कमिटीचे मुख्य सावळाराम नाना. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी ते माणसांकडं प्रवासी म्हणूनच बघत, म्हणजे हा कुठं चढला, कुठं उतरणार आणि फुकट तर बसला नाही ना, अशा नजरेनं. नाना दुसऱ्याच दिवशी मानसिंगच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनी सगुणाबाईच्या पट्टीकडं पाहिलं, मग आढ्याकडं पाहिलं, आणि तोडगा काढूनच आल्यासारखं म्हणाले की रागावायचं काही कारण नाही, मासा श्रावणापुरता काढून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवा. पोळा झाला की परत लावा.

सगुणाबाईनं त्यांना समजावून पाहिलं. आषाढात पोटात गेलेला मासा श्रावणात पोटातच असतो की, तो कोण काढून ठेवतं? त्यावर नाना म्हणाले की खाल्लेला जिरतो, आणि जिरलेल्याला तिकीट नसतं. हा मात्र अजून अंगावर आहे. आणि त्या अंगानं देवीचा नैवेद्य रांधायचा? नाही रांधला तर मान दुसऱ्याकडं द्यावा लागेल. फुलाबाईकडं, असंही ते जाताजाता म्हणाले.

फुलाबाई ही सगुणाबाईची चुलत जाऊ. इकडं सगुणाबाईचा पाय चिरला त्या शनिवारपासूनच तिनं चोरदरवाज्याच्या अलीकडच्या जागेवर आपली कळशी नेऊन ठेवली होती. तिचं ताक पाणचट होतं हे सगुणाबाई तेव्हाही म्हणत होती आणि अजूनही म्हणते.

खरा घाव मात्र घरातून बसला. सासूबाईंनी, सखूबाईंनी, त्या दिवसापासून सगुणाबाईच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. सखूबाईंचं वय पंच्याहत्तर, दात पाच, आणि देवीवर भक्ती एवढी की रोज सकाळी वाडीत कोणी उठायच्या आत त्या फुलं घेऊन देवळात हजर. त्यांना जगात दोनच गोष्टी मनापासून प्याऱ्या होत्या, एक जननी आणि दुसरे भाजलेले बोंबील. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी त्या आपल्या वाट्याचे बोंबील पत्र्याच्या डब्यात भरत, डबा पेटीत ठेवत, पेटीला कुलूप लावत आणि महिनाभर त्या पेटीशेजारी झोपत. नियम वेशीच्या आत आणायचा नाही असा होता. आधीच आत असलेल्याबद्दल नियम काही बोलत नव्हता, आणि सखूबाईंनी तो विषय कधी काढला नव्हता. कधी दुपारी त्या पेटीला नाक लावून बसलेल्या दिसत. विचारलं तर म्हणत, डोकं टेकलंय.

आता त्या ओट्याच्या टोकाला वेगळी चूल मांडून स्वतःची पेज शिजवायला लागल्या. सुनेकडं बघतही नव्हत्या. सगुणाबाईला भावकीच्या बोलण्याचं काही वाटत नसे, पण या म्हातारीबरोबर तिनं सत्तावीस वर्षं एका चुलीवर काढली होती, आणि त्या वेगळ्या चुलीचा धूर तिला फार लागला.

मानसिंगची अवस्था धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी. एकीकडं बायको, दुसरीकडं आई, देवी आणि नाना. शेवटी त्यानं दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंना अदबीनं विचारलं की तो मासा महिनाभर काढून ठेवता येईल का. बाईंनी त्याला प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मग बाई म्हणाल्या, फोन पेशंटकडं द्या.

"सगुणाबाई," त्या म्हणाल्या, "अजून तीन आठवड्यांनी पट्टी मी सोडेन. तोवर कोणी तिला हात लावला तर पाय वाचवायला मला बोलवू नका. आणि पाय काढावा लागला तर तो कुठल्या महिन्यात काढायचा ते तुमच्या कमिटीला विचारून ठेवा."

सगुणाबाईला बाई एकदम आवडल्या.

पण मानसिंग तो मानसिंगच. दोन दिवसांनी तो नानांच्या ओट्यावर जाऊन शब्द देऊन आला. वेल्ह्याला एका डॉक्टरांकडं पट्ट्या बांधणारा बंडू होता, त्याला सोमवारी बोलावतो आणि देवीपुढं हात जोडून वरच्यावर काढून घेतो. देवी सांभाळून घेईल. हे तो घरी येऊन बायकोला सांगणार नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून त्यानं सांगितलं. सगुणाबाईनं त्याला जवळची काठी फेकून मारली. मग ती रडली. नवऱ्यानं बायकोचा एकच पाय दोनदा घालवावा, एकदा म्हशीपायी आणि एकदा देवीपायी, हे तिला सहन होईना.

रविवारी संध्याकाळी देवळात कमिटी बसली, तेव्हा सगुणाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिथं आली. खुर्ची पुढून मानसिंगनं आणि मागून पुतण्यानं उचलली होती. पाय फळीवर लांब केलेला. अकरा घरांची माणसं जमली होती. नानांनी आधीच तयारी ठेवली होती की देवीला कौल लावू, उजवं फूल पडलं तर मासा राहील, डावं पडलं तर निघेल. सगुणाबाईला ठाऊक होतं की देवीच्या अंगावर फुलं ओली करून चिकटवणारे नानाच, आणि उजवीकडं पाणी जास्त की डावीकडं तेही त्यांनाच माहीत.

"देवीला कशाला तरास?" ती म्हणाली. "परश्न येवढाच हाय का ह्यो मासा हाय का न्हाई. त्यो मांजराला इचारा. मांजर कमिटीत न्हाई, भावकीत न्हाई, आन् त्याला ताक बी इकायचं न्हाई."

लोक हसले. फुलाबाई हसली नाही. नाना म्हणाले, पट्टीच्या आतलं मांजराला काय कळणार?

तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या सखूबाई त्या आठवड्यात पहिल्यांदा बोलल्या. "कुलपातला बोंबील कळतो मांजराला," त्या म्हणाल्या. "पट्टीतला मासा न कळायला काय झालं?"

म्हातारीचा शब्द पडला म्हटल्यावर कमिटीची पंचाईत झाली. मांजर कोणतं यावर थोडी घासाघीस होऊन देवळातला बोका ठरला. त्याला वाडीत सगळे सरपंच म्हणत, कारण तो काही काम करत नसे आणि प्रत्येक घरी जेवून जाई. श्रावणात सरपंचाचे हाल होत. आमटी-भातावर दिवस काढून तो असा वखवखलेला असे की मागच्या वर्षी त्यानं पारायणाला आलेल्या महाराजांच्या चामडी चपलेचा अंगठा खाल्ला होता. ठरलं असं की सोमवारी सकाळी नऊला, बंडू येईल तेव्हा, सरपंचाला सगुणाबाईच्या पायाशी सोडायचं. तो पट्टीला लागला तर तो मासा, आणि बंडू तो काढणार. त्यानं तोंड फिरवलं तर मासा नाही. सगुणाबाईनं सगळ्यांदेखत हो म्हटलं. आपण काय बोलून बसलो हे तिला खुर्ची घराच्या पायरीशी आल्यावर कळलं.

पण ती अगदीच वेडी नव्हती. तिच्या मनात एक बेत होता, आणि त्या बेताचं नाव अन्वरी. अन्वरी मूळची भोरची, नसरापूरच्या बाजारात सुकट-बोंबील विकायची. दोघींची ओळख वीस वर्षांपूर्वी एसटीत झाली, जागेवरून भांडताना, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशिवाय कोणाशी इतक्या मोकळेपणानं भांडत नसत. सगुणाबाईनं घरी येताच तिला फोन लावला. उद्या आठ वाजेपर्यंत चांगले मोठे बोंबील घेऊन ये, ड्रेसिंगच्या पिशवीत घालून आण आणि येताना देवळाच्या पायरीवर दम खायला बस. बोका आपोआप येईल. त्याला एवढं चार की त्याला माशाची शिसारी आली पाहिजे.

"म्हंजे गावात मासा न्हाई ह्ये दाखवायला म्या गावात मासा आणू?" अन्वरीनं विचारलं.

सगुणाबाई व्हय म्हणाली. अन्वरी म्हणाली की तुमची देवी आणि माझा अल्ला दोघं मिळून मला धरतील, पण येते.

सोमवारी सगुणाबाईला लवकर जाग आली. अंथरुणातून तिला दिसलं की सासूबाई परडी घेऊन देवळाकडं निघाल्यात, पदराखाली काहीतरी धरलंय. देवीच्या तेलाचा डबा असेल. आजच्या दिवशीसुद्धा म्हातारीला आपल्याआधी देवी सुचते, असं तिच्या मनात आलं आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आठ वाजले, अन्वरी आली नाही. सव्वाआठला फोन लावला तर गडाखालच्या मोबाईलला रेंज नाही. साडेआठला एक फोन आला, खरखरत. मार्गासनीपाशी भाच्याच्या गाडीला पंक्चर झालं होतं आणि पंक्चरवाला नाष्ट्याला गेला होता. पुढं काय ते ऐकू आलं नाही. पावणेनऊला मानसिंग आणि पुतण्या खुर्ची उचलायला आले. मानसिंगनं आंघोळ करून गंध लावलं होतं. सगुणाबाईला वाटलं खुर्चीचे पाय धरून ओरडावं की मला न्यायचं नाही. तोंडातून मात्र एवढंच आलं की हळू चाला. अठरा वर्षांत दर आठवड्याला ज्या पायावर गड चढली तो पाय समोर फळीवर होता, आणि ती त्याच्याकडं परगावी निघालेल्या माणसाकडं बघावं तशी बघत राहिली.

देवळासमोर सगळी वाडी जमली होती. बंडू कोपऱ्यात कात्री आणि चिमटा घेऊन उभा होता आणि त्यालाही हे काम नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सखूबाई खांबाशी, डोळे मिटून जप करत. नानांनी शिट्टी मारल्यासारखं तोंड करून हाक दिली, आणि मंडपामागून सरपंच आला.

तो घाईनं आला नाही. पोट हलवत, जागोजागी थांबत आला. सगुणाबाईच्या फळीखाली बसला. वर पाहिलं. नाक पट्टीजवळ नेलं. सगुणाबाईनं डोळे घट्ट मिटले, कारण तिला ते बघायचं नव्हतं. मग एक छोटासा आवाज आला. सरपंचानं जांभई दिली होती. त्यानं पट्टीकडं पाठ फिरवली, मिशा चाटल्या, एक पंजा चाटला, आणि चालत जाऊन नानांच्या चपलांवर अंगाचं मुटकुळं करून झोपला.

नाना म्हणाले, बोका आजारी असेल. कोणीतरी म्हणालं, कालपर्यंत तर चपला खात होता. नानांनी पुन्हा कौलाचा विषय काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात सखूबाईंनी डोळे उघडले.

"निकाल लागला, सावळाराम," त्या म्हणाल्या. "आता पुढं सरका."

बंडूनं कात्री पिशवीत टाकली आणि सगळ्यांच्या आधी पळ काढला.

दहा वाजता अन्वरी धापा टाकत, ड्रेसिंगची पिशवी छातीशी धरून आली. काम झालं म्हटल्यावर तिनं विचारलं, कसं? बोक्याला उपाशी मारलेलं, बोंबील मार्गासनीला अडकलेले, आणि तरी त्यानं तोंड फिरवलं. देव तारी त्याला कोण मारी असं लोक म्हणतात, पण ते दुसऱ्याच्या बाबतीत म्हणतात. सगुणाबाईनं देवळाकडं तोंड करून हात जोडले. अन्वरीनं जास्त न विचारता पिशवी घेऊन परतीची वाट धरली, कारण ती जितका वेळ थांबली असती तितका वेळ वाडीत खरोखरचा मासा राहिला असता.

त्यानंतर सगुणाबाईचं जे झालं ते पाहून वाडीला काळजी वाटायला लागली. तिनं रोज संध्याकाळी देवीपुढं दिवा लावायला सुरुवात केली. मानसिंगला शिवी दिली नाही. फुलाबाईच्या ताकाला सलग अकरा दिवस नावं ठेवली नाहीत. सप्त्याच्या शेवटच्या दिवशी खुर्चीत बसून तिनं पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या आणि नैवेद्याचं ताट स्वतःच्या हातानं सासूकडं दिलं. सखूबाईंनी ते घेतलं. वेगळी चूल त्यांनी आधीच मोडली होती, काही न बोलता. नानांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवी बांधून नेली.

पुण्याला डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली तेव्हा सगुणाबाईनं धीर करून पाहिलं. हाड कुठं दिसत नव्हतं. त्याच्यावर लालभडक, ओलं मांस चढलं होतं. मासा कुठं गेला असं तिनं विचारलं.

"जिरला," बाई म्हणाल्या. "आता हे आहे ते सगळं तुमचं."

गणपती झाल्यावर मांडीची पातळ कातडी त्यावर लावायची, आणि मग हळूहळू चालायला लागायचं. गड कधी, या प्रश्नावर बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर. सगुणाबाईनं पक्की तारीख मागितली. बाईंनी हसून नुसतं दिवाळीनंतर असंच पुन्हा सांगितलं. परतीच्या जीपमध्ये मानसिंग मागं बायकोशेजारी बसला आणि नसरापूर येईपर्यंत त्यानं एकही फोन लावला नाही. मध्येच एकदा तो म्हणाला की चूक माझी होती, आणि सगुणाबाई म्हणाली की मला म्हाईत हाय.

पोळा झाला. पोळ्यानंतर गणपती बसेपर्यंत मधले तीन दिवस मोकळे असतात, आणि त्या तीन दिवसांत वाडी महिन्याची कसर भरून काढते. पहिल्याच सकाळी अन्वरी बोंबील घेऊन आली, या खेपेला उघड्यावर, वास सोडत. सगुणाबाई तव्याशी बसली आणि नवऱ्याला म्हणाली की आधी आत्याबाईंच्या डब्यातले काढा, महिनाभराचे आहेत, ते आधी संपवू. सखूबाई म्हणाल्या राहू द्या. मानसिंगनं ऐकलं नाही, उशाखालची किल्ली घेऊन पेटी उघडली आणि डबा आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवला. झाकण काढलं तर डबा रिकामा. नुसता रिकामा नाही, तळापर्यंत चाटून लख्ख केलेला, आणि कडेला बोक्याचे चार पांढरे केस चिकटलेले.

तव्यावरचा एक बोंबील करपला.

"तू रोज दिवा लावत व्हतीस," सखूबाई सुनेकडं न बघता म्हणाल्या. "बरं दिसत व्हतं. म्हून बोलले न्हाई."

"आत्याबाई, माझ्या हातचं पानी बी घेत न्हवता तुमी."

"ते देवीचं व्हतं. तिचा नेम तिला. ह्ये माझं व्हतं." म्हातारीनं डब्याचं झाकण उचलून डब्यावर बसवलं आणि नीट दाबलं. "तुझा पाय गेला असता, आन् म्या हितं बोंबील खात बसले असते व्हय गं?"

सगुणाबाईला हुंदका आला आणि तिनं तो लपवला नाही. अन्वरीनं तवा आपल्याकडं ओढून घेतला, कारण एव्हाना दुसराही बोंबील करपायला आला होता. सखूबाईंच्या ताटात मोठे चार पडले. त्यांनी पहिला घास पाच दातांनी सावकाश चावला आणि मीठ कमी पडलंय म्हणाल्या.

त्या संध्याकाळीही सगुणाबाईनं देवीपुढं दिवा लावला. मग तिनं सासूचा डबा घासून घेतला, अन्वरीच्या पिशवीतले निवडक बोंबील त्यात काठोकाठ भरले, डबा पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली म्हातारीच्या उशाखाली सरकवली.